शेवळं थोरलीची, काकडं धाकटीची

माझं लग्न एका भाजीवरून अडलं होतं. लोकांची लग्नं पत्रिकेवरून अडतात, मानपानावरून अडतात, नवऱ्या मुलाच्या टकलावरून अडतात. माझ्या डोक्यावर केस भरपूर होते, पत्रिका कोणी मागितली नव्हती आणि मुलगी मला पसंत होती. तरी अडलं. कारण माझ्या दोन्ही वहिन्यांनी, ज्यांच्या हातची शेवळाची भाजी खायला लोक कोलाडवरून येतात, नेमके मुलीकडच्या पाहुण्यांचे घसे खाजवले.

ज्याला शेवळं ठाऊक नाहीत त्याच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. मे महिना सरत आला आणि वळवाच्या सरी पडून गेल्या की आमच्या डोंगरात, झाडांच्या सावलीला, पाचोळ्यातून जांभळट कोंब वर येतात. बघून हात लावावासा वाटणार नाही असं त्यांचं रूप. पण आतला पिवळा भाग काढून टाकून, बारीक चिरून, वर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, किंवा वाल घालून भाजी केली तर मटणाकडे कोणी बघणार नाही. अट एकच, भाजीत काकडं पडली पाहिजेत. काकड म्हणजे जंगलातलं झाड, त्याला हिरवी, गोटीएवढी, आंबट फळं लागतात. ती ठेचून घातली की शेवळाची खाज मरते. नाही घातली तर खाणारा घसा धरून अंगणभर फिरतो.

आमची वाडी महामार्गावरच्या खांब गावाच्या आत, डोंगराला चिकटून. पावसाळ्यात भात आणि थंडीत वाल, ही आमची शेती. ह्या दोन पिकांतून पोटाची जी जागा रिकामी राहते ती जंगल भरतं. करवंदं, जांभळं, फणस, कुड्याच्या शेंगा, शिकेकाई, पत्रावळींना पळसाची पानं. पुरुष पारावर बसून भाताच्या गोष्टी करतात. पण शाळा उघडताना पोरांना छत्री आणि दप्तर येतं ते बायकांच्या डोक्यावरच्या टोपलीतून, आणि त्या टोपलीत त्या दिवसांत शेवळं असतात. हे मी माझ्या दोन्ही भावांच्या तोंडावर बोललेलो आहे. त्यांना ते आवडलेलं नाही.

आता आमच्याकडे बायकांची एक रीत आहे. शेवळं कुठं उगवतात ती जागा कोणी कोणाला सांगत नाही. सासू सुनेला एकदा नेऊन दाखवते, बस्स. आमच्या आईनं, बायजानं, जाण्यापूर्वी आपली जागा थोरल्या सुनेला म्हणजे रंभावहिनीला दाखवली. दाजीदादानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, एकदा विचारलं, "कुठनं आणतीस गो?" तर ती म्हणाली, "वरच्या अंगाला." आमचा सगळा डोंगरच वरच्या अंगाला आहे. पुढं भावांची वाटणी झाली तेव्हा बांधावरचं मोठं काकडाचं झाड मधल्या भावाच्या, जनूदादाच्या वाट्याला गेलं, म्हणजेच सगुणावहिनीकडे. अशी एकच भाजी दोन घरांत वाटली गेली. शेवळं थोरलीची, काकडं धाकटीची.

पण त्यानं कधी काही बिघडलं नव्हतं. दोघी जावा पहाटे उठून वर जायच्या, एक जंगलात शिरायची, दुसरी झाडाशी थांबायची. दुपारी ओट्यावर बसून शेवळाच्या जुड्या बांधायच्या, प्रत्येक जुडीबरोबर पळसाच्या पानात मूठभर काकडं द्यायच्या. मी माझ्या मिनीडोरमधून त्यांना पेणच्या बाजारात न्यायचो. मिनीडोर म्हणजे सहा माणसांची तीनचाकी, जिच्यात आम्ही दहा बसवतो. वाटेत दोघींची बडबड इतकी चालायची की मला गाडीचा हॉर्न ऐकू यायचा नाही. त्या वेळी मी वैतागायचो. माणसाला सुख ओळखता येत नाही हेच खरं.

त्या वर्षी मला शांती सांगून आली. ती पेणच्या खारेपाटातली, डोलवीच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावची. माणसं आमच्यातलीच, फक्त आम्ही डोंगर धरून राहिलो आणि त्यांनी खाडी धरली. तिचे वडील बाबाजी मिठागरावर काम करत म्हातारे झालेले. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा शांतीनं चहा आणला, माझ्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "गाडी तुमची हाय का मालकाची?"

"माझी हाय," मी म्हणालो.

"मंग बरा हाय," ती म्हणाली आणि आत गेली. एवढंच बोलणं झालं. मी परत येताना खांबचा फाटा सोडून कोलाडपर्यंत पुढं गेलो आणि मग गाडी वळवली. तेवढ्यावरून काय ते समजा.

पण बाबाजींच्या हातात आणखी एक स्थळ होतं. डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा मुलगा. मी मिनीडोरवाला, आज भाडं आहे तर उद्या नाही. आमच्याकडची माणसं आणि घर बघून मग कोणाला तरी एकाला होकार द्यायचा, असं बाबाजींनी ठरवलं होतं. म्हणून ते चार माणसं घेऊन आमचं घर बघायला आले आणि अर्थातच शेवळाची भाजी करायची ठरली.

चूल रंभावहिनीची. काकडं सगुणावहिनीनं आणली, ठेचली आणि वाटीत घालून चुलीजवळच्या फळीवर ठेवली. आता पुढं जे झालं ते आमच्या ह्या दोघीच करू शकतात. रंभावहिनीच्या मनात आलं, झाड तिचं, मान तिचा, तीच घालेल. सगुणावहिनीच्या मनात आलं, चूल थोरलीची, पाहुण्यांदेखत आपण तिच्या भांड्यात हात कसा घालावा, तीच घालेल. दोघी एकमेकींचा मान राखत राहिल्या. काकडं वाटीत राहिली. भाजी पानात गेली.

बाबाजी आमच्या भाताबद्दल काही तरी चांगलं बोलत होते. ते मध्येच थांबले. त्यांच्या शेजारच्या काकांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि खाली ठेवलाच नाही. दाजीदादा उठून गूळ शोधायला गेला, कारण त्याचाही घसा पेटला होता. मी शहाण्यासारखा भाताला लागलो होतो, पण कोणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून मीही भाजी तोंडात घातली आणि मग मलाही कळलं.

हे सगळं निभावलं असतं. गूळ खाऊन, ताक पिऊन माणसं हसलीही असती. पण आतून आवाज आले.

"तुजं झाड, तू नको घालाय?"

"तुजी चूल, मी कशी घालू? उद्या म्हनशील माज्या भांड्यात हात घातला."

"मी कदी बोललेय असं?"

"नाय बोललीस, पन बोलली असतीस."

पुढचं मी सांगत नाही. बाबाजी ताकाचा पेला हातात घेऊन सगळं ऐकत बसले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "घशाचा काय नाय पोरा, घसा बरा होईल. पन दोन जावांचा पटत नाय त्या घरान मी पोर कशी देऊ? ती तिसरी जाईल ना मधी." मग टोपी नीट केली आणि म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे काय ते लग्नाच्या वयाच्या प्रत्येक पोराला समजतं. मी रात्रभर घसा खाजवत पडलो होतो आणि घसा बरा झाला तरी झोप आली नाही.

त्या दिवसापासून जावांचं बोलणं बंद. डोंगरावर जायच्या वेळा वेगळ्या. ओटे वेगळे. बाजाराला मात्र माझीच गाडी, कारण दुसरी कोण फुकट नेणार? रंभावहिनी पुढं माझ्या शेजारी, सगुणावहिनी मागं. आणि मधे मी.

"दत्तू, मागं सांग, टोपलीला पाय नको लावू."

"भावजी, पुढं सांगा, पाय टोपलीला नाय, टोपली पायाला लागतेय."

दोघींनाही एकमेकींचं स्वच्छ ऐकू यायचं. तरी मी सांगायचो. नागोठण्यापर्यंत माझं तोंड दुखायचं.

बाजारातही तेच. एरवी एका गोणपाटावर बसणाऱ्या दोघी आता अंतर ठेवून, पाठीला पाठ करून बसल्या. एकीपुढं नुसती शेवळं, दुसरीपुढं नुसती काकडं. पेणच्या बायका चोखंदळ. येऊन शेवळं उचलून बघायच्या, छान आहेत म्हणायच्या आणि विचारायच्या, "काकडं कुठंयत?" रंभावहिनी म्हणायची, "बाजार मोठा हाय, मिळतील कुठं तरी." तिच्या पाठीमागं हातभर अंतरावर काकडांचा ढीग पडलेला. सगुणावहिनीला कोणी विचारलं, "काकडं घेऊन करू काय नुसती?" तर ती म्हणायची, "लोणचं घाला." मग बाई पुढं जायची आणि जिच्याकडे दोन्ही एकत्र मिळतील तिच्याकडून घ्यायची. संध्याकाळी मी अर्धी शेवळं मरगळलेली परत नेत होतो. शेवळं दुसऱ्या दिवसाला टिकत नाहीत. डोंगरावरून पायाला काटे लावून घेत आणलेली वस्तू गटारात टाकताना रंभावहिनीचा चेहरा मला बघवत नव्हता. सगुणावहिनीचाही नाही. पण माझं ऐकतं कोण? पोरांच्या छत्र्या राहिल्या होत्या आणि पाऊस गोव्याच्या बाजूनं निघाला होता.

मग एका बाजाराच्या दिवशी शांती आली.

तिच्या डोक्यावर सोड्यांची आणि सुकटीची टोपली होती. खारेपाटातल्या बायका मासे वाळवतात आणि पेणला विकतात. एरवी ती मासळीच्या ओळीत बसायची. त्या दिवशी ती सरळ भाजीच्या ओळीत आली, दोघी जावांच्या मधल्या रिकाम्या जागेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, सरका थोडा." कोणत्या मावशीला म्हणाली ते कळलं नाही, म्हणून दोघी वळून सरकल्या. ती मधे बसली.

मी रस्त्याच्या पलीकडे गाडीला टेकून उभा होतो. माझ्या हातातला वडा खाली पडला.

दोघींनी तिला ओळखलं होतं. दोघी एकदम सुतासारख्या सरळ झाल्या. रंभावहिनीनं तिला पाणी दिलं. सगुणावहिनीनं तिच्यासाठी चहा मागवला. रंभावहिनीनं लगेच दुसरा चहा मागवला. शांतीनं दोन्ही चहा प्यायले. थोडा वेळ गेला आणि जुनी सवय उसळली.

"शांती, तिला सांग गो, तिचं फडकं माज्या जागेत आलंय."

"शांती, तिला सांग, जागा काय कुनाच्या नावावर नाय."

मी मनात म्हटलं, चला, मला सुटी मिळाली. पण शांतीनं सुकटीवरच्या माश्या हाकलल्या. मग शांतपणे म्हणाली, "मी नाय सांगणार. मी उद्या तुमच्या घरात आले, तर जन्मभर हाच काम करू का?"

दोघींनी आपापली फडकी आवरली. रस्त्याच्या पलीकडे माझ्या कानात एवढंच राहिलं की ती 'आले तर' म्हणाली. 'आले तर' हे काही 'येणार' नव्हे, पण 'येत नाही' असंही नव्हे. मी दुसरा वडा घेतला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिलो.

मग तिनं एका हातानं रंभावहिनीच्या ढिगातली एक जुडी उचलली, दुसऱ्या हातानं सगुणावहिनीकडची मूठभर काकडं घेतली, त्यावर आपले चिमूटभर सोडे टाकले आणि सगळं एका पानात बांधून समोर ठेवलं. कोणाला विचारलं नाही. पुढून जाणाऱ्या एका बाईला तिनं हाक मारली, "बाय, आजची भाजी आख्खी बांधून ठेवलीय, नुसती फोडणी घाला." ती बाई थांबली. तिच्या मागची थांबली. थोड्या वेळात तिघींपुढं बायकांची दाटी झाली. रंभावहिनी जुड्या पुढं सरकवू लागली, सगुणावहिनी काकडं. दोघींचे हात शांतीच्या मांडीवर एकमेकांना लागत होते, पण नजरा वेगवेगळ्या दिशांना. दुपार व्हायच्या आत टोपल्या रिकाम्या झाल्या.

माल संपल्यावर रंभावहिनीनं तिला विचारलं, कारण तिला विचारल्यावाचून राहवत नाही. "तुला कंपनीवाला नको का गो?"

"तो आला तवा सगळा वेळ कंपनीचाच बोलला," शांती म्हणाली. "तुमचा दीर मला बघून निदान घाबरला तरी." मग ती उठली, टोपली झटकली. "बाबा सोमवारी कंपनीवाल्याला हो कळवणार हायेत. ते म्हनतात, डोंगरवाल्यांकडे मानसा चांगली, पन घरान भांडान हाय. तेच्या आदी रविवारी आमच्याकडे या आणि भाजी करा. एकीनं नाय यायचा. दोघींनी यायचा."

परतीच्या वाटेवर दोघींनी मला एकही निरोप सांगायला लावला नाही. फक्त आमच्या फाट्याला उतरताना सगुणावहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "रविवारी शेवळं कोवळी पाहिजेत." आणि रंभावहिनी माझ्याकडेच बघून म्हणाली, "मंग काकडं पन ताजी पाहिजेत." मी दोघींना हो म्हटलं. माझ्या हो म्हणण्याला काय किंमत होती कोण जाणे.

रविवारी मी गाडी धुतली, नवा शर्ट घातला आणि दोघींना घेऊन निघालो. वाटेत वडखळला मी गाडी थांबवून दोघींना हात जोडले. "वैनी, तुमी दोघींनी मला लहानाचा मोठा केलात. आज एकदाच, भाजीत काकडं घाला. कोनी पन घाला. पन घाला." दोघी बाहेर मिठागरांकडे बघत बसल्या. पांढऱ्या मिठाचे ढीग उन्हात चमकत होते आणि माणसं पाऊस यायच्या आत त्यांच्यावर पेंढा घालत होती.

बाबाजींचं घर लहान, अंगण मोठं. अंगणात जाळ्यांवर सुकट पसरलेली. मला ओट्यावर बसवलं आणि वहिन्या शांतीबरोबर आत गेल्या. बाबाजी माझ्यासमोर बसले, तंबाखू मळू लागले आणि म्हणाले, "यंदा मीठ बरा पडला." मी म्हणालो, "आमच्याकडं वाल बरे झाले." मी कान आत लावून बसलो होतो. चिरल्याचा आवाज आला. फोडणीचा आवाज आला. बोलण्याचा आवाज काही येईना.

मग माझ्या लक्षात आलं. इथं चूल ना हिची ना तिची. तिथं निदान चूल एकीची तरी होती. इथं दोघींनाही वाटणार की आपण परक्या घरात कशाला पुढं व्हावं. पुन्हा तीच वाटी, पुन्हा तसाच फळीवर तिचा मुक्काम. मला उठून आत जावंसं वाटलं, पण होणाऱ्या सासऱ्यासमोर स्वयंपाकघरात घुसणारा जावई कोण पसंत करेल? मी बसून राहिलो आणि देवांची नावं घेतली, डोंगरातल्याही आणि खाडीतल्याही.

पानं मांडली. तांदळाची भाकरी, भात आणि सोडे घातलेली शेवळाची भाजी. वहिन्या दाराच्या आत उभ्या राहिल्या, दोन टोकांना. शांतीनं वाढलं. बाबाजींनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला.

त्यांचे डोळे मिटले. दोन्ही. घट्ट. गालफडं आत गेली आणि मिशा वर चढल्या. त्यांच्या शेजारचे तेच काका, ज्यांना आमच्याकडे तांब्या सोडवला नव्हता, त्यांनी घास घेतला आणि खांदे कानापर्यंत नेले. मला वाटलं, संपलं. सोमवारी शांती कंपनीत गेली.

मी घाईघाईनं घास घेतला. खाज नव्हती. आंबट होती. अशी आंबट की दातांना मुंग्या आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. कैरी, चिंच आणि लिंबू एकत्र वाटून घातल्यावरही एवढं होणार नाही.

"काकडां किती घातलीत?" बाबाजींनी डोळे न उघडता विचारलं.

"वाटीभर," रंभावहिनी म्हणाली.

"वाटीभर," सगुणावहिनी म्हणाली, त्याच वेळी.

दोघींनी वळून एकमेकींकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"तू कदी घातलीस?" रंभावहिनीनं विचारलं. निरोप्यावाचून, तोंडासमोर.

"तू पानी आनाय गेलीस तवा. मी माजी वाटी बरोबर आनलेली, पदराखाली."

"आनि मी तू कोथमीर निवडत व्हतीस तवा. मी पन आनलेली. तुज्याच झाडाची, काल सांजला तू नव्हतीस तवा काढली."

"मला न सांगता घातलीस?"

रंभावहिनीचा आवाज खाली आला. "म्हटलं, परत तुज्याकडनं राहिली, तर लोकाच्या घरात तुला बोलतील. माज्या घरात मीच तुला बोलले, ते मलाच सोसलं नाय. इथं कसं ऐकू?"

सगुणावहिनीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते, आणि ती रडतच होती, पण मग पदराआडून हसण्याचा आवाज आला. "मी पन त्याच्याचसाटी घातली," ती म्हणाली. "तुला दुसरं कोनी काय बोललं असतं, तर मी काय ऐकून घेतलं असतं? तुज्याशी भांडायचं ते मीच." मग रंभावहिनीही हसायला लागली, आणि हसता हसता तिनं जावेच्या पाठीत एक धपका घातला. धपक्याचा आवाज अंगणात ऐकू गेला.

बाबाजींनी डोळे उघडले. ते लाल झाले होते. त्यांनी शांतीकडे बघितलं. "तू आत होतीस ना गो? बघितला नायस?"

"बघितला की," शांती म्हणाली. "दोघींनी घातला ते बघितला."

"मंग बोलली का नायस? भाजी नासली ना."

"बोलले असते तर भाजी बरी झाली असती," ती म्हणाली, "पन तुमाना ह्या दोघी दिसल्या नसत्या."

बाबाजींनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला, पण भाजीत बुडवायची हिंमत झाली नाही, तो कोरडाच खाल्ला. "तिकडे कोनीच नाय घातला, म्हनून मी भ्यालो होतो," ते म्हणाले. "आंबट चालंल. उद्या कंपनीवाल्याला नाय कळवतो. भात झोडून झाला की लगीन करू."

आनंदानं माझे कान गरम झाले होते आणि दात आंबले होते. शेजारच्या काकांनी पान हळूच बाजूला सरकवलं. दाराशी दोघी वहिन्या एकमेकींना टोचत, खिदळत, यंदाची काकडंच जास्त आंबट आहेत की वाटीच मोठी होती, ह्यावर नव्यानं वाद घालत होत्या. शांती भाजीचं भांडं उचलून आत न्यायला वाकली. जाता जाता तिनं माझ्याकडे बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच सरळ.

मी पान पुढं केलं आणि म्हणालो, "मला आणखी वाढ."